सीरम लाल, पोटॅशियम वर: दोष रस्त्याचा की सुईचा?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. कराडला माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट मॅडमची. कलेक्शन सेंटर दोन, एक पाटणला आणि एक उंब्रजला. सकाळी उपाशीपोटीची रक्तं घेऊन झाली की पोरगा मोटरसायकलवरून डबा घेऊन निघतो आणि अकराच्या आत सगळं मशीनवर चढतं.

त्रास असा आहे. पाटणच्या ट्यूबा सेंट्रिफ्यूजमधून (गरागरा फिरवून पेशी खाली बसवणारं मशीन) काढल्या की वर पिवळं सीरम दिसायला हवं, तिथं गुलाबी दिसतं. एखाद्या दिवशी तर सरळ कोकम सरबत. हिमोलिसिस झालंय, म्हणजे लाल पेशी फुटून त्यांच्या आतलं पोटॅशियमसकट सगळं सीरममध्ये मिसळलंय हे कळतं, पण का होतंय ते कळत नाही. मागे एका पेशंटचं पोटॅशियम ६.९ आलं. मॅडमनी रिपोर्ट अडवला, तरी डॉक्टरांना फोन करावा लागलाच. ते म्हणाले, "अहो, पेशंट माझ्यासमोर बसून चहा पितोय, ईसीजी साफ आहे. तुमचा ६.९ आला कुठून?" पुन्हा रक्त घेतलं तर ४.३.

आता ज्याला विचारावं त्याचं वेगळंच. गाडीवाला पोरगा म्हणतो, रस्त्याला खड्डे किती आहेत बघा, रक्त घुसळून निघतं. पाटणचा रक्त घेणारा म्हणतो, ट्यूब हलक्या आल्यात. ट्यूब विकणारा म्हणतो, ताई, भारीतल्या घ्या. आमचे हे म्हणतात, डब्याखाली फोम टाक. फोम टाकला. फरक शून्य.

थोडं वाचलं तर सगळीकडे "शिअर" असा शब्द येतो. शिअरने रक्तपेशी फुटतात म्हणे. पण हा शिअर नक्की लागतो कुठे? सुईत, ट्यूबमध्ये, डब्यात की आमच्या सेंट्रिफ्यूजमध्ये? सेंट्रिफ्यूज तर दोन्ही सेंटरना एकच आहे.

आणि अजून एक कोडं. उंब्रजहून येणारं सीरम स्वच्छ पिवळं असतं, रस्ता तर हायवेच, तरी तिथली पोटॅशियम मधूनच ५.६-५.८ अशी येतात. म्हणजे रस्त्याचा दोष म्हणावा तर तेही जुळत नाही.

इथे इंजिनिअर लोक बरेच आहेत, दवाखान्यातलेही आहेत. नवीन खर्चात पडायच्या आधी जरा समजून घ्यायचंय.

ऊसवाला_वाळवा

ताई, रक्तातलं मला कळत नाही, पण शिअर म्हणाल तर आमच्या रोटाव्हेटरच्या शाफ्टला शिअर बोल्ट असतो. दगड लागला की दोन फ्लँज एकमेकांवर सरकू बघतात आणि मधला बोल्ट कापला जातो. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, तो तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा म्हणून. गावातली शहाणी पोरं तिथं हाय-टेन्साइल बोल्ट ठोकतात आणि मग गिअरबॉक्सच खोलायची वेळ येते. तुमच्या कामाचं नसेल तर सोडून द्या.

जुना_ऑइलवाला

ऊसवाले, उलट अगदी कामाचं आहे. एक थर पुढे जातोय, शेजारचा मागे राहतोय आणि मधे जे सापडलंय त्याच्यावर ताण येतोय, याचंच नाव शिअर. बोल्टात ते थर म्हणजे दोन फ्लँज. नळीतून द्रव वाहतो तेव्हा भिंतीला चिकटलेला थर जागचा हलत नाही आणि मधला सगळ्यात जोरात पळतो. त्यामुळे भिंतीजवळ शिअर सगळ्यात जास्त, मध्यावर शून्य.

माझं आयुष्य वंगणतेलाच्या टेस्टिंग लॅबमध्ये गेलं, भोसरी-चिंचवड पट्ट्यात. रक्ताशी माझा संबंध डायबेटिसपुरताच. पण तुमचा प्रश्न आमच्या रोजच्या कामाचा होता, फक्त द्रव वेगळा. १५डब्ल्यू-४० सारख्या मल्टिग्रेड तेलात पॉलिमरच्या लांब साखळ्या घातलेल्या असतात, तेल गरम झाल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून. हे तेल अरुंद फटीतून जोरात गेलं की दोन गोष्टी होतात. पहिली, साखळ्या प्रवाहाच्या दिशेला लांबतात, तेल तेवढ्यापुरतं पातळ होतं आणि फटीतून बाहेर आलं की पूर्ववत होतं. यात नुकसान नाही. दुसरी, ताण हद्दीबाहेर गेला तर साखळी मधूनच तुटते. ती परत जुळत नाही. ते तेल कायमचं पातळ झालं.

हे तपासायची पद्धत ऐका. कुर्ट-ओर्बान नावाची टेस्ट आहे. त्यात तेल डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरमधून १७५ बार दाबाने ढकलतात, एकदा नाही, ३० वेळा. (आधी ३०च होतं, मग कडक इंजिनांसाठी ९० वेळा करायला लागले.) मग १०० अंशाला व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, मोजायची. ४० ग्रेडचं तेल १२.५ सेंटिस्टोकच्या खाली उतरलं तर ते ४० राहिलं नाही, डबा परत. लक्षात घ्या, तेल तोडायचं म्हणून आम्ही डबा हलवत बसायचो नाही. बारीक भोकातून ढकलायचो. बॅरल ट्रकवर हजार किलोमीटर हिंदकळत जातं, त्याने एक साखळी तुटत नाही.

तेव्हा तुमच्या रस्त्याबद्दल मला पहिल्यापासूनच शंका आहे. त्या पोराच्या मोटरसायकलमध्ये इंजिन आणि गिअर एकाच तेलात चालत असतील तर गिअरचे दात ते तेल नक्की शिअर करतायत. डब्यातलं रक्त नाही.

आता मला एवढं सांगा: पाटणला रक्त घेतात कशाने? सुई कितीची? सिरिंज की थेट व्हॅक्युम ट्यूब? सिरिंज असेल तर रक्त सिरिंजमधून ट्यूबमध्ये कसं जातं? शेवटचं नीट बघून सांगा. विचारून नाही, बघून.

कोयनाकाठ

काका, बघून आले. पाटणला न सांगताच गेले.

पाच मिलीची सिरिंज. पाकिटात आलेली २३ नंबरची सुई तशीच वापरतो. पट्टा बांधला, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि स्पिरिट वाळायच्या आत सुई आत. दट्ट्या चांगला जोरात ओढतो, पेशंटची रांग असते. रक्त भरलं की सुई न काढताच व्हॅक्युम ट्यूबच्या रबरी झाकणात खुपसतो आणि अंगठ्याने दट्ट्या दाबतो. ट्यूबच्या आत चळक्कन पिचकारी उडते, आतल्या काचेवर फेस दिसतो. फेस मी या डोळ्यांनी बघितला. एका पेशंटमागे तीन ट्यूब. शेवटच्या ट्यूबला रक्त कमी पडलं की अजून जोरात दाबतो.

उंब्रजला मुलगी आहे, ती होल्डर लावून २१ची सुई वापरते, ट्यूब आपोआप भरते. तिथं काही चुकीचं दिसलं नाही.

जुना_ऑइलवाला

सापडलं. थोडा हिशेब करू, ढोबळच, पण नुसतं "जोरात दाबू नये" म्हटलं की कोणी ऐकत नाही. आकडा दाखवला की ऐकतात, हा माझा शॉपफ्लोअरचा अनुभव.

२१ची सुई आतून साधारण ०.५१ मिलिमीटर, २३ची ०.३४. फरक दीडपटीचा. पण भिंतीजवळचा शिअर त्रिज्येच्या घनाने बदलतो. म्हणजे तेवढंच रक्त तेवढ्याच वेळात नेलं तर २३मध्ये शिअर साडेतीन पट. ५ मिली १० सेकंदांत खेचलं असं धरा, रक्ताची व्हिस्कॉसिटी ३.५ सेंटिपॉइज धरा. २१मध्ये भिंतीवर १३० पास्कल (ताण मोजायचं माप) येतात, २३मध्ये ४७० यायला हवेत.

"यायला हवेत" म्हटलं, कारण येत नाहीत. गंमत पुढेच आहे. ओढण्याला वरची मर्यादा आहे. दट्ट्या कितीही जीव खाऊन ओढा, सिरिंजमध्ये निर्वात पोकळीपलीकडे काही निर्माण होत नाही, म्हणजे फार तर एका वातावरणाचा फरक. २३मधून ५ मिली १० सेकंदांत न्यायला त्याहून जास्त दाब लागतो, म्हणून रक्त येतंच हळू. प्रत्यक्षात वीसेक सेकंद लागतील आणि शिअर दोनशे पास्कलच्या आसपास राहील. चांगलं नाही, पण प्रलयही नाही.

ढकलण्याला अशी मर्यादा नाही. पाच मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या साडेबारा मिलिमीटर व्यासाचा, क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटर. अंगठ्याने पाच किलोचा जोर सहज लागतो, तुमच्या त्या घाई झालेल्या पोराचा तर लागतच असणार. पाच भागिले सव्वा, चार किलो प्रति चौरस सेंटिमीटर. चार वातावरणं! आणि समोर ट्यूबचा व्हॅक्युम आणखी ओढतोय तो वेगळाच. सुईच्या तोंडाशी आणि बाहेर पडताना वाया जाणारा दाब वजा केला तरी रक्त सेकंदाला दहा मीटर वेगाने जातं आणि भिंतीजवळचा शिअर नऊशे पास्कलच्या घरात पोहोचतो. तेच रक्त, तीच सुई. ओढताना दोनशे, ढकलताना नऊशे. वर ती पिचकारी काचेवर आपटते आणि फेस होतो, तो हिशेबात धरलेलाच नाही.

थोडक्यात तुमच्या पाटणच्या सेंटरवर रोज सकाळी कुर्ट-ओर्बान टेस्ट चालते.

रक्तपेशी नेमक्या किती पास्कलला फुटतात ते मला ठाऊक नाही. कोणी जाणकार असेल तर सांगा.

पंपावरची

मी परफ्युजनिस्ट, पुण्यात. ओपन हार्ट सर्जरी चालू असताना हार्ट-लंग मशीन आमच्या हातात असतं, त्यामुळे रक्त फुटू न देणं हीच आमची रोजीरोटी.

ऑइलवाले काकांचा हिशेब बरोबर दिशेचा आहे, त्यात भर घालते. लाल पेशींबद्दलचा गाजलेला आकडा १५० पास्कल, १९७२ सालच्या प्रयोगातला. पण तो काही मिनिटं सतत शिअर दिल्यावरचा आहे. सुईतून रक्त जातं काही मिलिसेकंदांत. इतक्या कमी वेळासाठी पेशी काही शे पास्कल सहन करते. म्हणून ताण आणि वेळ दोन्ही एकत्र बघायचे असतात. काकांचे दोनशे त्या हद्दीत बसतात, नऊशे बसत नाहीत.

तुलनेसाठी: निरोगी धमनीच्या भिंतीवर एक-दोन पास्कल असतात, शिरेत त्याहूनही कमी. लाल पेशीचं पातळ कवच या जगासाठी घडलंय. आठ मायक्रॉनची पेशी पाच मायक्रॉनच्या केशवाहिनीतून दुमडून जाते आणि बाहेर पडून परत गोल होते. काकांच्या तेलातली साखळी लांबते आणि परत येते तो प्रकार. पण कवचाचं क्षेत्रफळ ताणायला तिच्याकडे वाव जवळजवळ नाही, तीनेक टक्के ताणलं की फाटतं.

३.५ सेंटिपॉइज इथे चालेल, कारण सुईत वेग भरपूर आहे. रक्त मंद वाहतं तेव्हा पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त बरंच घट्ट होतं.

डायलिसिसमध्ये मिनिटाला ३०० मिली रक्त सुईतून जातं, म्हणजे सेकंदाला ५ मिली, काकांनी आधी धरलेल्या वेगाच्या (१० सेकंदांत ५ मिली) दहापट. तरी रक्त फुटत नाही, कारण सुई १५ किंवा १६ नंबरची असते. तिथला शिअर शंभराच्या आतबाहेर राहतो. पण नळी कुठे दुमडली की खेळ खलास. १९९८ साली अमेरिकेत नेब्रास्का, मेरीलँडसह काही राज्यांत डायलिसिसच्या पेशंटना अचानक हिमोलिसिस झालं, काही दगावलेही. शोध लागला तो रक्तनळीच्या संचातल्या एका अरुंद राहिलेल्या भोकापर्यंत. मशीन ठीक, पाणी ठीक, पंप ठीक, भोक मात्र बारीक.

आमच्याकडे सगळ्यात जास्त पेशी पंपाने फुटतात असं लोकांना वाटतं. तसं नाही. सर्जन ऑपरेशनच्या जागेतून सक्शनने रक्त ओढतात, त्यात हवा मिसळलेली असते. हवा अधिक रक्त अधिक जोराचं सक्शन, ते रक्त सगळ्यात वाईट. कोयनाकाठताई, तुम्ही पाहिलेला फेस म्हणूनच महत्त्वाचा. फेस म्हणजे हवेचे हजारो पापुद्रे आणि प्रत्येकावर पेशी घासली जाते.

जरा विषयांतर, पण राहवत नाही. शिअरचं नुकसान फक्त लाल पेशींचं नसतं. वॉन विलेब्रांड फॅक्टर म्हणून लांबलचक प्रथिन रक्तात गुंडाळी होऊन फिरतं. शिअर फार वाढला की ते उलगडतं, आणि उलगडलं की अ‍ॅडॅम्‌टीएस-१३ नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करतं. हृदयाची महाधमनीची झडप आकसलेली असेल तर रक्त तिथून बारीक धारेने सुसाट जातं, मोठी प्रथिनं तुकडे होऊन निघतात आणि पेशंटला आतड्यातून रक्तस्राव होतो. पोटाचा आजार म्हणून तपासण्यांवर तपासण्या, आणि मूळ छातीत! १९५८ साली हाइड नावाच्या डॉक्टरांनी एवढंच लिहून ठेवलं होतं की ही दोन दुखणी बरोबर दिसतात. कारण समजायला पुढची कित्येक दशकं गेली. झडप बदलली की रक्तस्राव बहुतेकदा थांबतो.

म्हणून कृत्रिम झडप बनवणाऱ्याला टिकाऊपणाइतकीच काळजी असते ती धार कुठे फाटते याची. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने आपली भारतीय झडप घडवली, आधीची मॉडेल्स चाचण्यांत बाद होत होत. डिसेंबर १९९०मध्ये पहिल्या पेशंटला बसली. आजही झडपेच्या कडेने गळती सुरू झालेला पेशंट आला की आम्ही एलडीएच आणि हॅप्टोग्लोबिन, म्हणजे पेशी फुटतायत का ते सांगणाऱ्या रक्ततपासण्या, बघतो. तिथं हिमोलिसिस ट्यूबमधलं नसतं, अंगातलं असतं. आणि त्या पेशंटचं सॅम्पल तुमच्या पाटणच्या पद्धतीने घेतलं असेल तर खरं काय नि खोटं काय, सांगणार कोण?

माई_सिस्टर

पंपावरच्या ताईंनी वलियाथन सरांचं नाव घेतलं, बरं वाटलं.

ऑइलवाले म्हणाले ना, एक थर पुढे जातो आणि शेजारचा मागे राहतो, ते वाचलं आणि मला आमचा वॉर्ड दिसला. पेशंटची पाठ पलंगाला साठ अंशात वर केली की पेशंट हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून वरच राहते आणि आतलं माकडहाड खाली सरकतं. मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणून बंद होतात. वरून कातडी धड दिसते, नातेवाईक म्हणतात काही नाही झालं, आणि चार दिवसांनी तिथं काळंनिळं होऊन खड्डा पडतो. बेडसोर नुसत्या दाबाने होतो असं सगळ्यांना वाटतं, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलतात. बदलायचीच. पण कूस बदलताना पेशंटला काखेत धरून फराफरा वर ओढतात, त्याचं काय?

जेवण झालं की पाठ तीस अंशांपेक्षा वर ठेवायची नाही, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. पाठ वर करायच्या आधी गुडघ्याखाली उशी द्यायची म्हणजे घसरण थांबते. ओढायचं नाही, आडव्या चादरीसकट दोघांनी उचलायचं. घरी म्हातारं माणूस अंथरुणाला असेल त्यांनी एवढं तरी करा. प्रश्न रक्ताचा होता, मला माफ करा, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

बेंचवर_उभी

मुंबईत एका मोठ्या लॅबच्या बायोकेमिस्ट्रीत आहे. पाटणचं उत्तर मिळालंय, त्यामुळे मी उंब्रजकडे वळते. ते अजून कोणी हातात घेतलेलं नाही.

उंब्रजचा शिअरशी काही संबंध नाही. सीरम स्वच्छ आहे, म्हणजे पेशी फुटलेल्याच नाहीत. पोटॅशियम न फुटताही पेशीबाहेर येतं. लाल पेशीच्या आत ते बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस पट असतं आणि पेशीच्या भिंतीवरचे पंप ऊर्जा खर्चून ते आत धरून ठेवतात. थंडीत हे पंप मंदावतात. ताई, उंब्रजची मुलगी ट्यूबा गाडी येईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवते का? सीरम वेगळं न करता रक्त फ्रीजमध्ये ठेवलं की पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं आणि सीरम दिसायला एकदम सुंदर राहतं. "सॅम्पल जपलं" असं तिला वाटत असणार. तुमच्या मशीनचा हिमोलिसिस इंडेक्ससुद्धा (सीरमचा लालपणा मोजणारा आकडा) हे पकडू शकत नाही.

फ्रीज नसेल तर दुसरं बघा. पट्टा बांधून पेशंटला मूठ उघड-मीट करायला सांगते का? स्नायू काम करतात तेव्हा पोटॅशियम सोडतात, तेवढ्यानेही आकडा चढतो. मूठ नुसती मिटली तर पुरे, पंपिंग नको. पट्टा मिनिटाच्या आत सोडायचा.

तिसरं, तिथलं कॅल्शियम काढून बघा. पोटॅशियम वर आणि कॅल्शियम भलतंच खाली असं दोन्ही एकाच सॅम्पलमध्ये असेल तर जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये गेलंय. जांभळ्यातलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) हे पोटॅशियमचंच मीठ आहे. आधी प्लेन किंवा जेल, मग जांभळी, हा क्रम पाळला जातो का ते तपासा.

पाटणसाठी माझ्याकडून: होल्डर आणि २१ किंवा २२ची सुई. शिरा बारीक असलेल्या म्हाताऱ्यांसाठी २३चा स्कॅल्प व्हेन सेट (बारीक नळी जोडलेली पंखवाली सुई) चालतो, पण होल्डरला जोडून, म्हणजे अंगठा मधे येतच नाही. सिरिंजच वापरावी लागली तर ट्रान्सफर डिव्हाइस (सुई काढून सिरिंजला लावायचा, ट्यूब जोडायचा होल्डर) लावा आणि ट्यूब स्वतः ओढेल तेवढंच घेऊ द्या. सुई टोपणात खुपसण्यात हाताला टोचायचा धोका वेगळाच. स्पिरिट वाळायला अर्धं मिनिट द्या, ओल्या स्पिरिटने पेशी फुटतात म्हणतात आणि पेशंटला झोंबतंही. ट्यूब हलक्या हाताने उलटसुलट करायची, टॉनिकच्या बाटलीसारखी हलवायची नाही.

आणि रस्त्याचं कायमचं मिटवायचं असेल तर पाटणलाच छोटं सेंट्रिफ्यूज ठेवा. जेल ट्यूबमधलं रक्त अर्धा तास उभं ठेवून पूर्ण गोठू द्या, तिथंच फिरवा. एकदा जेलचा थर मधे बसला की पेशी खाली, सीरम वर, मग गाडी कोयनेपर्यंत जाऊन आली तरी चालेल. पण कराडला आल्यावर तीच जेल ट्यूब परत फिरवायची नाही. पुन्हा फिरवलं की जेलखाली साचलेलं वर येतं आणि पोटॅशियम परत चढतं. हे आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला दोनदा सांगावं लागतं.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक सांगते.

पाटण: होल्डर आणि २१च्या सुया दिल्या. पोराचं तोंड वाकडं झालं, म्हणे सिरिंजने हात बसलाय, शीर लागली की रक्त दिसतं, होल्डरमध्ये कळत नाही. मग काकांचा हिशेब त्याला कागदावर करून दाखवला. चार वातावरणं म्हटल्यावर म्हणाला, "ट्रॅक्टरच्या टायरपेक्षा जास्त?" मी म्हटलं, दुपटीहून जास्त. तेव्हापासून सिरिंज फक्त अवघड पेशंटला, तीही ट्रान्सफर डिव्हाइस लावून. गुलाबी सीरम अगदी बंद झालं असं नाही, पण आता एखाद-दुसरं असतं आणि ते कोणत्या पेशंटचं असणार हे पोरगा आधीच फोन करून सांगतो.

उंब्रज: बेंचवाल्या ताई, फ्रीजच! मुलीला तिच्या आधीच्या नोकरीत तसंच शिकवलेलं होतं. कॅल्शियम बघितली, सगळी नॉर्मल, म्हणजे ट्यूबांचा क्रम ठीक आहे. फ्रीज बंद केला, आकडे खाली आले.

फोम डब्यातून काढला नाही, राहू दे.

एकच शंका उरली. सेंट्रिफ्यूज पाटणला ठेवायचं म्हणते, पण तिथं सकाळी वीज जाते. फिरता फिरता बंद पडलं तर?

बेंचवर_उभी

अर्धवट फिरलेली जेल ट्यूब वाईट. जेल नीट बसत नाही, कडेने पेशी वर राहतात. पण अशी ट्यूब परत फिरवायची नाही हेच वर सांगितलंय, तेव्हा सरळ ती बाद धरा आणि पोटॅशियमपुरतं दुसरं सॅम्पल घ्या. छोट्या सेंट्रिफ्यूजला इन्व्हर्टर पुरतो, दहा मिनिटांचंच काम आहे. रोटर सुरू होताना करंट जास्त खेचतो, तेव्हा इन्व्हर्टर घेताना विक्रेत्याला मशीनवरची पाटी दाखवा, नुसते वॅट तोंडी सांगू नका.

ऊसवाला_वाळवा

ताई, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये दीड किलोच्या आत हवा असते. त्या पोराला सांगा, दुप्पट नाही, जवळजवळ तिप्पट.